जुने मित्र आणि एक लग्न: पहिला विनोदी चित्रपट लिहिण्यापासून दाखवण्यापर्यंत

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एकच वाक्य होतं: सात जुने मित्र बारा वर्षांनी एका लग्नात भेटतात. ज्याला सांगितलं तो हसला आणि म्हणाला, लगेच लिहायला घे. हे वाक्य किती फसवं आहे ते मला दुसरा खर्डा बाजूला ठेवताना कळलं. लग्न म्हटलं की गर्दी, सजावट, धावपळ, रुसवेफुगवे आयतेच हाती येतात. पानं भराभर भरतात. नंतर वाचायला बसलं की लक्षात येतं, शंभर पानांत लग्न पार पडलंय, पण मित्रांचं काहीच झालेलं नाही.

ज्यांना असा चित्रपट पहिल्यांदाच लिहायचाय आणि मोजक्या माणसांत उभा करायचाय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पटकथा माझी होती. नंतर चित्रीकरणाला रोज होते आणि संकलनालाही शेवटपर्यंत बसले. जिथे माझे महिने वाया गेले तिथे मी जास्त थांबणार आहे.

१. आधी टोळी लिहा, लग्नाला हात लावू नका

जुन्या मित्रांच्या कुठल्याही टोळीत प्रत्येकाला एक काम लागलेलं असतं. कुठे जायचं ते एकजण ठरवतो. एकजण पैशांचा हिशेब ठेवतो. एकजण हसवतो. एकीला सगळे आपापली गुपितं सांगतात. एकजण नेहमी उशिरा येतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. ही कामं कुणी वाटून दिलेली नसतात, पण एकदा अंगाला चिकटली की सुटत नाहीत. बारा वर्षांत माणूस पार बदललेला असतो. टोळी मात्र त्याच्याकडून तेच जुनं काम मागते. हसवणाऱ्याला वर्षभर हसू आलेलं नाही, तरी तो दारात उभा राहिला की चार चेहरे हसायच्या तयारीत त्याच्याकडे वळतात. या चित्रपटातला सगळा विनोद, आणि सगळं दुःखही, मला तिथेच सापडलं.

म्हणून एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक मित्रासाठी तीन रकाने आखा: तेव्हाचं काम, आज काय चाललंय, आणि या लग्नात काय लपवायचंय. पहिले दोन रकाने भराभर भरतील. तिसऱ्याशी झगडावं लागेल, पण प्रसंग त्यातूनच येतात. आमच्या हिशेब ठेवणाऱ्याचं उदाहरण सांगते. तेव्हा सगळ्यांचे पैसे त्याच्याकडे असायचे. आज तो कर्जात बुडालाय. लग्नाच्या भेटीसाठी सगळ्यांनी वर्गणी काढली आणि जुन्या सवयीनं ती त्याच्याकडेच पाठवली. पैसे हप्त्यात गेले. आता तो एक सुंदर वेष्टन केलेला रिकामा खोका घेऊन लग्नाला आलाय. एवढं सुचल्यावर त्याचे पुढचे अकरा प्रसंग मी दोन दिवसांत लिहिले. त्याआधी दोन महिने तो फक्त ‘कंजूष मित्र’ होता आणि पानावर नुसता उभा होता.

मित्र किती असावेत? पहिल्या चित्रपटाला चार किंवा पाच. अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन यांनी १९७८ मध्ये लग्नाच्या एकाच दिवसावर चित्रपट केला आणि त्यात ४८ पात्रं ठेवली. पण तोवर त्यांची गर्दीच्या चित्रपटांवर हुकमत बसलेली होती. आमच्या सातांचे पाच झाले. दोघांना काढून टाकलं असं म्हणता येणार नाही; त्यांच्या चांगल्या ओळी आणि अडचणी उरलेल्यांत मुरवल्या. कुणाला मुरवायचं हे ओळखायची सोपी तपासणी आहे. संवादाच्या पानावर पात्रांची नावं हातानं झाका आणि वाचा. दोन पात्रं वेगळी ओळखू येत नसतील तर ते एकच पात्र आहे.

प्रत्येकाच्या नोकरीचा, घराचा, मुलाबाळांचा पाढा वाचायची गरज नसते. ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ या १९९४ च्या चित्रपटाचा नायक पोटापाण्यासाठी काय करतो हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही, आणि ते विचारावंसंही वाटत नाही. तो मित्रांशी कसा वागतो एवढं दिसत राहतं आणि तेवढं पुरतं.

२. अर्धवट राहिलेली एक घटना ठरवा

मित्र दुरावतात ते बहुधा भांडून नव्हे. हळूहळू फोन कमी होत जातात. हे खरं असलं तरी पडद्यावर दाखवायला अवघड आहे. म्हणून एक ठोस घटना हवी. ती मोठी नसली तरी चालते, फक्त अर्धवट राहिलेली असावी. आमच्या गोष्टीत पाचजणांनी एका लांबच्या सहलीचा बेत केला होता आणि त्यातला एकजण स्टेशनवर आलाच नाही. गाडी सुटली. सहल झाली नाही. त्यानंतर पाचही जण पुन्हा एकत्र भेटले नाहीत.

यात महत्त्वाचं हे, की ही घटना प्रत्येकाला वेगळी आठवली पाहिजे. एकाला वाटतं बेत मुद्दाम मोडला. एकीला वाटतं दोष आपला होता. न आलेल्याला आठवतं की त्यानं निरोप ठेवला होता. एकजण तर ठामपणे सांगतो की आपण सगळे गेलो होतो आणि खूप मजा आली. पाचही आठवणी एकेका परिच्छेदात, त्या त्या पात्राच्या बोलीत लिहून काढा. त्या जशाच्या तशा चित्रपटात येणार नाहीत, पण भांडणाचा मोठा प्रसंग लिहायला बसाल तेव्हा पहिली ओळ शोधावी लागणार नाही.

इथला सापळा म्हणजे फ्लॅशबॅक. जुने दिवस दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. लॉरेन्स कॅसडन यांच्या ‘द बिग चिल’ या १९८३ च्या चित्रपटात कॉलेजातले मित्र एका मित्राच्या अंत्यविधीला जमतात. त्या गेलेल्या मित्राची भूमिका केव्हिन कॉस्टनर यांनी केली होती, जुन्या दिवसांचे प्रसंग चित्रितही झाले होते. अंतिम चित्रपटातून ते काढले गेले आणि त्यांचा चेहराही प्रेक्षकाला दिसला नाही. चित्रपट त्यामुळे बळकटच झाला असं माझं मत आहे, कारण जो तो आपापल्या मनातला मित्र घेऊन बोलतो आणि खरा कोण होता हे तपासायची सोय उरत नाही. शिवाय व्यवहार बघा: फ्लॅशबॅक म्हणजे तरुण कलाकार, वेगळे कपडे, वेगळ्या जागा. जुने दिवस मित्रांच्या तोंडून येऊ द्या, चुकीचे येऊ द्या, एकमेकांना खोडून काढत येऊ द्या.

३. लग्न कुणाचं, ते पक्कं करा

तीन पर्याय असतात. टोळीतल्याच दोघांचं लग्न असेल तर प्रेमकथा वरचढ होते आणि बाकीचे मित्र पाहुणे होऊन बसतात. टोळीबाहेरच्या कुणाचं, समजा एखाद्याच्या बहिणीचं लग्न असेल, तर मित्रांना मोकळीक मिळते, पण लग्न मोडलं काय नि झालं काय, त्यांचं काही जात नाही. टोळीतल्या एकाचं लग्न आणि जोडीदार बाहेरचा, हा तिसरा पर्याय नवख्याला सगळ्यात सोयीचा वाटतो. बाहेरचा जोडीदार हा प्रेक्षकाचाच प्रतिनिधी असतो. त्यालाही जुने किस्से माहीत नसतात, त्यामुळे ते सांगायला कारण मिळतं. आणि आपण जिच्याशी लग्न करतोय ती या चौघांसमोर भलतीच कुणीतरी होते, हे तो बघत राहतो.

लग्न टोळीतल्या कुणाचं, याचं उत्तर तीन रकान्यांच्या कागदावरच असतं. आमच्याकडे नवरी म्हणजे ‘ठरवणारी’ मैत्रीण. सगळ्यांच्या आयुष्यातले निर्णय तिनं घेतलेले. स्वतःच्या लग्नात तिला पाहुण्यांच्या खुर्च्यासुद्धा ठरवता येत नव्हत्या.

४. लग्नाचं वेळापत्रक हाच कथेचा सांगाडा

इथे लग्नाचा खरा उपयोग होतो. पाहुणे येणार, आदली रात्र जाणार, विधी होणार, मेजवानी होणार, सगळे निघून जाणार. प्रेक्षकाला हा क्रम पाठ असतो, त्यामुळे पुढे काय आहे हे वेगळं सांगावं लागत नाही आणि घड्याळ आपोआप टिकटिकत राहतं. सगळी गोष्ट दोन रात्री आणि एका दिवसात बसवा. विनोदी चित्रपटाला ९० ते ११० मिनिटं पुरतात.

नमनाला घडाभर तेल जातं ते मित्रांच्या आगमनात. आमच्या पहिल्या खर्ड्यात पाचजण पाच गाड्यांतून उतरत होते, प्रत्येकाची मिठी वेगळी, प्रत्येकाचं ‘अरे, किती बदललास’ वेगळं. तेवीस पानं त्यातच गेली. नंतर आम्ही दोघांना आधीच पोहोचलेलं दाखवलं, तिसऱ्याला त्यांनी ओळखलंच नाही, आणि उरलेले दोघं एकाच चुकीच्या लग्नात जाऊन बसले होते. बाराव्या मिनिटाला पाचही जण एका खोलीत. तुमचा आकडा थोडा मागेपुढे होईल, पण पंधराव्या मिनिटापर्यंत टोळी एका चौकटीत दिसलीच पाहिजे. लोक तिच्यासाठी आलेले असतात.

वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या काही गोष्टी आहेत: हरवलेली अंगठी, ऐन विधीच्या वेळी ‘थांबा’ म्हणून ओरडणारा जुना प्रियकर, नवरीचं पळून जाणं, सजावट कोसळणं. यांना बंदी नाही, पण तुमच्या टोळीच्या कामांमधून आपसूक येत असेल तरच घ्या.

मित्राच्या भाषणावर मात्र मनापासून मेहनत घ्या. मेजवानीत कुणीतरी उठून दोन शब्द बोलतो, बोलता बोलता भलतंच बोलून जातो. हा प्रसंग इतक्यांनी लिहिलाय की प्रेक्षक त्याची वाट बघतच बसलेला असतो. पिऊन तोल गेलेला मित्र सगळं ओकून टाकतो, ही सर्वात सोपी आणि सर्वात कमकुवत मांडणी. पिण्यामुळे माणूस खरं बोलला असं झालं, की ते बोलायचं त्यानं ठरवलंच नाही. शुद्धीत असलेल्या माणसाला बोलायला लावा. आमचा हसवणारा मित्र उठतो, सगळे हसायला तयार, आणि त्याला एकही विनोद सांगायचा नसतो. तो साधं, खरं बोलतो. लोक प्रत्येक वाक्याला हसतात. तो जितका गंभीर होतो तितके ते जास्त हसतात. हा प्रसंग मी नऊ वेळा लिहिला. भाषण चार मिनिटांचं होतं, ते दीड मिनिटावर आलं तेव्हा कुठे बसलं.

५. विनोद पेरावा लागतो

मित्र पडद्यावर खो खो हसतात आणि प्रेक्षागृह गप्प असतं: या जातीच्या चित्रपटातली ही सर्वात मोठी चूक आहे. खाजगी विनोद खाजगीच असतो. टोळीला एखाद्या शब्दावर हसू येतं, कारण त्यामागे त्यांची वर्षं आहेत. प्रेक्षकाकडे ती नाहीत. ती त्याला चित्रपटातच मिळवून द्यावी लागतात.

पद्धत अशी. पहिल्यांदा तो शब्द येतो तेव्हा मित्र हसतात आणि बाहेरचा जोडीदार बुचकळ्यात पडतो. प्रेक्षक जोडीदाराच्या बाजूला असतो. दुसऱ्यांदा, निदान दहा मिनिटांनी, त्याचा उगम कळतो, तोही कामाच्या घाईत, ओझरता. तिसऱ्यांदा तो शब्द नको त्या जागी, नको त्या माणसाच्या तोंडून येतो, आणि आता प्रेक्षक टोळीत सामील झालेला असल्यानं आधी तोच हसतो. शेवटी एखाद्या हळव्या क्षणी तोच शब्द हळूच म्हटला गेला तर प्रेक्षागृहात काय होतं ते स्वतः अनुभवा.

दुसरं हत्यार म्हणजे ‘कुणाला काय माहीत’ हा तक्ता. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत प्रसंगांचे क्रमांक. प्रत्येक चौकटीत त्या क्षणी त्या पात्राला कुठलं गुपित ठाऊक आहे ते लिहा. खोका रिकामा आहे हे प्रसंग १४ मध्ये प्रेक्षकाला कळतं, २१ मध्ये एका मैत्रिणीला, ३० मध्ये दोघांना. तोवर प्रत्येक वेळी कुणी तो खोका उचलून म्हणतं ‘केवढा हलका आहे’, तेव्हा हशा पिकतो. सगळ्यांना एकाच वेळी कळलं असतं तर एकच हशा मिळाला असता. माझ्या दुसऱ्या खर्ड्यात एक पात्र प्रसंग २६ मध्ये अशा गोष्टीवर चिडतं जी त्याला ३३ मध्ये कळणार होती. हा तक्ता केला नसता तर ते थेट चित्रीकरणाच्या दिवशी उघडकीला आलं असतं.

६. खर्डा, फॉन्ट आणि घड्याळ

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब तुम्ही ऐकला असेल. तो रोमन लिपीतल्या १२ पॉइंटच्या कुरिअर फॉन्टवर आणि ठरावीक समासांवर बेतलेला आहे. कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. तुम्ही दुसऱ्या फॉन्टमध्ये लिहाल तेव्हा पान आणि मिनिट यांचं नातं बदलेल. म्हणून आधी स्वतःचा हिशेब काढा: पाच पानं, संवाद आणि हालचाली दोन्ही धरून, घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. माझी पाच पानं साडेसहा मिनिटं भरली. ११० पानांची पटकथा प्रत्यक्षात १४३ मिनिटांची आहे हे मला त्या दिवशी समजलं.

पटकथेच्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाभर लिहून मग छापायला जाऊ नका. पहिल्याच दिवशी जोडाक्षरांनी भरलेलं एक पान लिहा, पीडीएफ करा, छापा आणि बघा. अडचण वाटली तर साध्या मजकुरावर चालणारी फाउंटन ही पद्धत वापरा. ती फाइल कुठल्याही टिपणवहीसारख्या ॲपमध्ये उघडते.

७. मोठ्यानं वाचन

पाचही जणांच्या भूमिकांना वेगवेगळी माणसं बसवा आणि सलग वाचा. तुम्ही स्वतः कुठलीही भूमिका वाचू नका. पेन्सिल घेऊन ऐका आणि तीनच खुणा करा: हसले, हसायला हवे होते पण हसले नाहीत, अडखळले. अडखळलेल्या ओळी त्याच रात्री बदला. वाचन झाल्यावर मतं विचारलीत तर लोक शेवटाबद्दल बोलतात. त्याऐवजी विचारा, कोण कोणाचा जास्त जवळचा मित्र वाटला? पाचजणांनी पाच उत्तरं दिली तर नाती अजून पानावर आलेली नाहीत.

८. कागदपत्रं आणि साधनं

चित्रीकरणाआधी एवढं एका फाइलमध्ये असू द्या:

- पटकथेचा अंतिम खर्डा, प्रसंगांना कायमचे क्रमांक दिलेला. क्रमांक एकदा दिले की बदलू नका. नवा प्रसंग आला तर १४ अ करा.
- सहलेखक असेल तर हक्क आणि श्रेयनामाचा लेखी करार. हा पहिल्या खर्ड्याआधीच करा, मैत्री कितीही जुनी असली तरी.
- प्रत्येक कलाकाराचा करार, आणि गर्दीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचं संमतिपत्र.
- जागेच्या मालकाची लेखी परवानगी, तारखा आणि तासांसह.
- प्रसंगवार ब्रेकडाउन: कोण, कुठे, कपडे, वस्तू, आवाज, गर्दी.
- पाहुण्यांचा फोटोतक्ता: गर्दीतला कोण कुठे बसला होता, कुठल्या कपड्यांत.
- वापरायच्या प्रत्येक गाण्याचे हक्क.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण लग्नाच्या चित्रपटात गाणी लागतातच. ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा त्या मुद्रणाचा. दोन्हींचे मालक बहुतेकदा वेगळे असतात आणि दोघांची परवानगी लागते. तुमच्या पात्रानं ते गाणं नुसतं गुणगुणलं तरी शब्द-चालीचा हक्क लागतोच. आम्ही नाचाचा एक संपूर्ण प्रसंग एका लोकप्रिय गाण्यावर चित्रित केला, ओठांची हालचालसुद्धा जुळवली, आणि मुद्रणाची परवानगी मिळाली नाही. तो प्रसंग नंतर मूळच्या तालाएवढ्याच गतीचं नवं गाणं करून वाचवावा लागला. नवीन गाणं आधी करून घेतलं असतं तर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला नसता.

टोळीचा जुना फोटो दाखवायचा असेल तर कलाकारांचे खरे जुने फोटो जोडून करू नका. ते फोटो कुणी काढले, त्यांची परवानगी कुठे मिळवणार? रिहर्सलच्या पहिल्या दिवशी पाचही जणांना जुन्या पद्धतीचे कपडे घालून नवा फोटो काढा. त्या एका तासात त्यांची गट्टी जमते, हा वेगळाच फायदा.

९. शेड्यूल

प्रत्येक पानाचे आठ भाग धरून प्रसंगाची लांबी मोजतात: अडीच पानं म्हणजे दोन पूर्णांक चार अष्टमांश. प्रसंगांची क्रमवारी कथेप्रमाणे नसते. गर्दीचे सगळे प्रसंग सलग दिवसांत टाका, म्हणजे तीच माणसं तीच सजावट घेऊन हाताशी राहतात. आमचं शेड्यूल १९ दिवसांचं होतं, त्यातले पहिले पाच दिवस गर्दीचे. मीरा नायर यांनी ‘मॉन्सून वेडिंग’ हा २००१ चा चित्रपट सुमारे ३० दिवसांत केला, कॅमेरा बराचसा हातात धरून. एवढं मोठं लग्नघर एवढ्या दिवसांत मावतं, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं.

मित्रांची पहिली भेट पहिल्या दिवशी चित्रित करू नका. कलाकार तेव्हा एकमेकांना परके असतात, आणि परकेपणा वेगळा, दुरावा वेगळा. ती भेट शेड्यूलच्या मध्याला ठेवा. मोठं भांडण शेवटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी. शेवटच्या दिवशी सोपे, लहान प्रसंग हवेत, कारण मागचं राहिलेलं सगळं त्या दिवशी येऊन पडतं.

१०. चित्रीकरण: टेबल, गर्दी, आवाज

पाच माणसं एका टेबलाभोवती बसून बोलतात. पानावर अगदी साधं दिसणारं हे वाक्य चित्रीकरणात दिवस खातं. हिशेब करा: सगळे दिसतील असा एक मास्टर, मग प्रत्येकाचा एक मध्यम आणि एक जवळचा शॉट, म्हणजे ११ सेटअप, म्हणजे कॅमेरा आणि दिवे अकरा वेळा नव्यानं लावायचे. एका सेटअपला आम्हाला सरासरी ४० मिनिटं लागत. ४४० मिनिटं, सात तास वीस मिनिटं, फक्त चार पानांसाठी. उपाय दोन. एक, टेबलावरचे प्रसंग लेखनातच दोनवर आणा. बाकीचं संभाषण जिन्यात, गाडीत, ताटकळत उभ्या रांगेत होऊ द्या. दोन, ज्या दोघांचा वाद मुख्य आहे त्यांना समोरासमोर बसवा, त्यांच्यामधल्या रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवा, आणि एका दिशेला तोंड असलेल्या सगळ्यांचे शॉट संपवूनच प्रकाशयोजना उलटी फिरवा. ती रेषा ओलांडली की कोण कुणाकडे बघतंय तेच कळेनासं होतं, आणि विनोद मेला, कारण हसू येतं ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून. प्रत्येकाचा नुसता ऐकतानाचा चेहरा, एकही ओळ नसताना, निदान अर्धा मिनिट घेऊन ठेवा.

मित्र एकमेकांचं बोलणं तोडतात. मास्टरमध्ये त्यांना तोडू द्या. जवळच्या शॉटमध्ये मात्र कॅमेऱ्यासमोरच्याची ओळ संपेपर्यंत इतरांनी थांबायचं, नाहीतर दोन आवाज एकमेकांत अडकतात आणि संकलनात कापता येत नाहीत. प्रत्येकाला कपड्यांवर लावायचा छोटा, स्वतंत्र लेपल माईक लावून वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रण केलं तर काम सोपं होतं. ऑल्टमन यांनी १९७४ मध्येच आठ ट्रॅकचं मुद्रण वापरून ही वाट रुळवली. टेबलक्लॉथखाली जाड कापड अंथरा, भांड्यांचा खडखडाट संवादावर येणार नाही. नाचता नाचता बोलायचा प्रसंग असेल तर संगीत काही सेकंद वाजवून बंद करतात, गर्दी तालावर मुकाट्यानं नाचत राहते आणि फक्त पात्रं बोलतात, तीही वरच्या पट्टीत, जणू गाणं सुरूच आहे. हे वरच्या पट्टीचं भान प्रत्येक टेकला करून द्यावं लागतं. प्रत्येक जागेची मिनिटभर शांतताही मुद्रित करा, संकलनात संवादांमधल्या फटी भरायला ती लागते.

गर्दी चाळीस माणसांची असली तरी भरगच्च दिसते, जर लांब, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सनं टिपली आणि चौकटीच्या कडा माणसांनी भरल्या. रुंद शॉट एकच घ्या.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात तसंच दिसावं म्हणून, प्रत्येक टेकनंतर फोटो. फुलं कोमेजतात, मेणबत्त्या वितळतात, ताटं रिकामी होतात. मेणबत्त्या तीन लांबीच्या ठेवा. ज्या कपड्यावर काही सांडणार आहे त्याच्या तीन प्रती करा. आमच्या खोक्याचं वेष्टन प्रत्येक टेकला फाटायचं. सारख्या कागदात बांधलेले सहा खोके केले होते, आठवा टेक झाला तेव्हा सेटवरच दोन पुन्हा बांधायला लागले.

११. संकलन आणि पहिला खेळ

पहिला कट लांबच होतो. आमचा दोन तास वीस मिनिटांचा होता, अंतिम एक तास बेचाळीस. विनोद फसला की त्याची शेवटची ओळ कापायचा मोह होतो. आधी त्याची तयारी कापून बघा. जास्त समजावून सांगितल्यामुळेच तो पुष्कळदा फसलेला असतो. आणि लग्नाचे नुसते देखणे शॉट, ज्यात टोळीतला एकही चेहरा नाही, ते पहिल्याच फेरीत काढा.

मग वीस-पंचवीस अनोळखी माणसं जमवा आणि दाखवा. तुम्ही पडद्याच्या बाजूला, त्यांचे चेहरे दिसतील असे बसा. प्रेक्षागृहातला आवाज फोनवर मुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी तो संकलनाच्या टाइमलाइनवर चित्रपटाच्या खाली जोडून सलग ऐका. हशानं पुढची ओळ गिळली असेल तिथे आधीचा चेहरा एक-दोन सेकंद जास्त धरा. अर्धा मिनिट ऐकत बसलेले चेहरे घेतले होते ते इथे उपयोगी पडतात. खोका उघडतो त्या क्षणी आमच्याकडे इतका मोठा हशा आला की नवरीची पुढची ओळ कुणालाच ऐकू गेली नाही, आणि ती ओळ होती, ‘मला माहीत होतं.’ तिच्या चेहऱ्याचे साडेतीन सेकंद वाढवले. दुसऱ्या खेळाला पहिल्यातला एकही माणूस बोलावला नाही, आणि त्या वेळी हशा ओसरल्यावर ती ओळ आली तेव्हा प्रेक्षागृह एकदम शांत झालं.